ओरडणार कधी?

मे महिन्याच्या सुट्टीत नात राहायला आली होती. अकरा वर्षांची आहे. दुपारी ऊन मी म्हणत असतं, बाहेर सोडता येत नाही. पत्ते खेळून झाले, सापशिडी झाली, म्हणून मी तिला एक जुना इंग्रजी सिनेमा लावून दिला. कृष्णधवल आहे म्हटल्यावर तिनं तोंड वाकडं केलं, पण हातात आमरसाची वाटी होती, त्यामुळे बसली. सिनेमा होता ‘द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स’, १९५४ सालचा. मुलींच्या निवासी शाळेची गोष्ट. पहिला काही वेळ ती खिदळत होती, मग हळूहळू गप्प झाली. चमचा वाटीतच राहिला. मला वाटलं, कंटाळली. तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, “आजी, ह्यांना ओरडणार कधी?”

“कोण ओरडणार?”

“त्यांच्या बाई. नाहीतर पोलीस. कुणीतरी ओरडेलच ना.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती कंटाळली नव्हती, जीव मुठीत धरून बसली होती. तिनं आजवर पाहिलेल्या, वाचलेल्या प्रत्येक गोष्टीत मुलांनी खोडी काढली की थोड्या वेळानं ती अंगाशी येते. मग कुणीतरी मोठं माणूस समोर बसवून समजावतं, डोळ्यांत पाणी येतं, ‘पुन्हा नाही करणार’ होतं, आणि मग सगळे हसतात. हसायचं ते त्या रडण्याची किंमत मोजून. ती किंमत कधी मागितली जाते याची ती वाट बघत होती.

“ओरडत नाहीत,” मी म्हटलं.

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पाय वर घेतले, उशी पोटाशी धरली आणि पुन्हा हसायला लागली. दातांना तारा लावल्यात तिच्या. हसली की चकाकतात.

मीही मुलींच्याच शाळेत शिकले. कौलारू इमारत, लांब व्हरांडा, टोकाला पाण्याचा हौद आणि त्याला पितळी तोट्या. सातवीत असताना एकदा प्रार्थनेच्या वेळी पेटीचा सूर अडकला. गाण्याच्या बाईंनी बोटं उचलली, भाता मिटला, तरी आत उरलेल्या हवेवर तो सूर चालूच राहिला. आधी ठणठणीत, मग बारीक, मग मांजराच्या पिल्लानं ओरडावं तसा. प्रार्थनेनंतर दोन मिनिटं मौन असायचं. त्या मौनात तो सूर एकटाच बोलत होता. आमच्या रांगेतली एकजण फिस्सकन हसली आणि मग रांगच्या रांग हसत सुटली. थांबवावं म्हटलं तरी थांबेना. पोट दुखायला लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, एकमेकींच्या वेण्यांत तोंडं खुपसून आम्ही हसत होतो.

शेवटची घंटा होईपर्यंत आम्हा सगळ्या जणींना व्हरांड्यात तोंडावर बोट ठेवून उभं केलं. बोटाला घाम येतो, ओठाला मिठाची चव लागते, हे तेव्हा कळलं. प्रगतिपुस्तकात ‘वर्तन’ या रकान्यात लाल शाईचा शेरा आला. आईनं सही केली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, “मुलीच्या जातीनं असे दात काढू नयेत गं.” तिलाही तिच्या आईनं हेच सांगितलं असणार. त्यानंतरच्या माझ्या फोटोंत बघा, जिथं जिथं मी हसतेय तिथं तिथं तोंडावर हात आहे. कॉलेजच्या सहलीत आहे, लग्नात आहे, बारशात आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही, हात आपोआप जातो.

म्हणून हा सिनेमा माझ्या इतका जवळचा. पहिल्यांदा पाहिला तो विशीत, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. छोटं सभागृह, लोखंडी खुर्च्या, मागं प्रोजेक्टरची घरघर. इंग्रजी पुरतं कळत नव्हतं. पण सुट्टी संपवून त्या मुली गावात परत येतात तेव्हा दुकानदार घाईघाईनं दुकानं बंद करतात, पोलीससुद्धा लपतो, ते बघून मी हसले आणि हात तोंडाकडे गेला. अंधारात कोण बघतंय, असं मनात आलं आणि मी तो खाली घेतला. ते अजून लख्ख आठवतं.

गोष्ट अगदी साधी आहे. सेंट ट्रिनियन्स नावाची शाळा कर्जात बुडालेली. एक सुलतान आपल्या मुलीला तिथं पाठवतो. त्याचा शर्यतीचा घोडा, अरब बॉय, जवळच तबेल्यात आहे. शाळेतल्या धाकट्या मुली, म्हणजे चौथ्या फॉर्ममधल्या, या घोड्यावर पैसे लावतात. (चौथा फॉर्म म्हणजे आपली चौथी नव्हे, आपल्या आठवी-नववीच्या आसपासचा वर्ग. पण पडद्यावर त्या आणखीच लहान वाटतात.) थोरल्या मुलींचे पैसे दुसऱ्याच घोड्यावर. त्यामुळे थोरल्या अरब बॉयला पळवून नेतात आणि धाकट्या त्याला सोडवून आणून चक्क शाळेच्या इमारतीत लपवतात. मग वरच्या मजल्यावर धाकट्या, खाली थोरल्या, अशी लढाई जुंपते. एवढंच. मोठा खर्च कुठं दिसत नाही. एक जुनी इमारत, एक मैदान, थोडा शर्यतीचा भाग, आणि बाकी सगळं माणसांच्या चेहऱ्यांवर तोललेलं.

दिग्दर्शक फ्रँक लाँडर, आणि त्याच्याबरोबर सिडनी गिलिएट. या जोडीनं आधी हिचकॉकसाठी ‘द लेडी व्हॅनिशेस’ लिहिला होता. रचनेवर त्यांची हुकमत आहे, पण या सिनेमात त्यांनी ती मुद्दाम सैल सोडलीय. प्रसंग एकमेकांवर आदळतात. रसायनशाळेत मुली जिन गाळतात, हॉकीच्या सामन्यात समोरचा संघ स्ट्रेचरवरून बाहेर जातो, खेळाच्या बाई म्हणून वेशांतर करून आलेली पोलीसबाई बिचारी रोज नवा मार खाते. ती जॉइस ग्रेनफेल. उंच, सरळमार्गी, सगळ्यांशी नीट वागू पाहणारी. तिच्या चेहऱ्यावरचा भाबडा उत्साह बघताना मला आमच्या पी.टी.च्या बाई आठवतात. शिट्टी गळ्यात आणि ओरडायचं कसं ते माहीत नाही.

आणि ते शिक्षण खात्याचे निरीक्षक! आमच्या आईच्या वेळी शाळा तपासायला ‘दिपोटी’ यायचे. ते येणार म्हटलं की आठवडाभर आधी शाळा सारवायची, पाढे घोकायचे, आणि त्या दिवशी कुणी खोकायचंसुद्धा नाही. या सिनेमात खात्यानं पाठवलेले निरीक्षक परत आलेलेच नसतात. ते कुठं गेले, तर शाळेच्याच आवारात मजेत राहताहेत. तपासायला आलेला माणूस तपासणी विसरून तिथलाच होऊन जातो, ही कल्पना मला फार आवडते. तो हरलेला नाही, सुटलेला आहे.

त्याच शाळेच्या झुडपांत फ्लॅश हॅरी राहतो म्हटलं तरी चालेल. शिट्टी वाजली की हॅट तिरकी घातलेला हा माणूस पानांतून डोकं काढतो. मुलींची जिन विकतो, त्यांचे पैजेचे पैसे लावतो. जॉर्ज कोलनं त्याला अमर केलं. इंग्लंडमध्ये युद्धानंतर असे लोक गल्लोगल्ली होते. काळ्या बाजारातला माल कोटाच्या आतल्या खिशात घेऊन फिरणारे. आपल्याकडे ज्यांनी रेशनच्या रांगा पाहिल्यात त्यांना हा माणूस वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. इंग्लंडमधलं अन्नधान्याचं रेशनिंग पूर्णपणे उठलं ते ४ जुलै १९५४ ला, आणि हा सिनेमा आला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. म्हणजे पडद्यावर दंगा करणाऱ्या त्या लहान मुलींनी चौदा वर्षं चाललेल्या त्या रेशनिंगपलीकडचं जग पाहिलेलंच नव्हतं. मोजून साखर, मोजून लोणी, चॉकलेट-गोळ्यासुद्धा मोजून. हे कळल्यावर त्यांच्या त्या हावरट, बिनधास्त आनंदाकडे मी वेगळ्या मायेनं बघायला लागले.

पण सिनेमाचा प्राण म्हणजे मोठ्या बाई. मुख्याध्यापिका मिस फ्रिटन. हे काम एका पुरुषानं केलंय, ॲलिस्टर सिमनं. आधी या भूमिकेसाठी मार्गारेट रुदरफोर्डचं नाव होतं म्हणतात, पण शेवटी सिमनं मिस फ्रिटन आणि तिचा लबाड भाऊ क्लॅरेन्स अशा दोन्ही भूमिका केल्या. पुरुषानं बाई होणं म्हटलं की इंग्लंडमध्ये ख्रिसमसच्या खेळातली ती भडक, छाती फुगवून चालणारी म्हातारी डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे दोन्ही वाटा आहेत. एकीकडे ‘मोरूची मावशी’. अत्र्यांनी ‘चार्लीज आंट’वरून बेतलेली, विजय चव्हाणांनी नाचून-नाचून घराघरात पोचवलेली. तिथं आत पुरुष आहे हे सतत माहीत असण्यातच मजा. दुसरीकडे बालगंधर्व. तिथं पुरुष आहे हे विसरायला लावण्यातच सगळी कला. ज्यांचं बघून बायका लुगडं नेसायला आणि गजरा माळायला शिकल्या.

सिम या दोन्हींच्या मधोमध कुठंतरी उभा आहे, आणि माझ्या मते बालगंधर्वांच्या बाजूला थोडा अधिक. तो बाईपणाची टर उडवत नाही. उंच, थोडी पोक आलेली, केस वर बांधलेली, गळ्यात मण्यांच्या माळा असलेली ही बाई जुन्या काळातल्या रीतीभाती मनापासून पाळते. आवाज दुधावरच्या सायीसारखा. जिन गाळणाऱ्या मुलींच्या वर्गात ती येते, एक घोट चाखून बघते, आणि तिचा निर्णय असतो की थोडी वर आपल्या खोलीत पाठवून द्यावी. नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्या मुलीला ती जपून कर म्हणते. थोड्याच वेळात आवाज होतो. तिच्या चेहऱ्यावर उमटतं ते दुःख, राग नव्हे. पाहुण्यांसमोर पोराच्या हातून कप फुटावा, तेवढंच. भाऊ आपल्या मुलीला शाळेत परत घे म्हणून येतो, तर तिची एकच अडचण. त्या मुलीनं खेळाचा पॅव्हेलियन जाळला होता.

मला या बाईंबद्दल हसू येतं त्याहून जास्त आदर वाटतो. इतर शाळा मुलींना निर्दय जगात पाठवण्याआधी धड तयारही करत नाहीत. आमच्या मुली बाहेर पडतात तेव्हा तयारी जगानं करायची असते, असा तिचा विचार आहे, आणि तो ती चहाच्या टेबलावरचं बोलावं तितक्या सहज बोलून दाखवते. मी स्वतः पुढं तीस वर्षं शिकवलं. मुलींना जगासाठी तयार करणं म्हणजे काय, हे मला शिकवलं गेलं होतं. खाली मान, हळू आवाज, वेळेवर घरी. मीही तेच शिकवलं. कधीकधी मागच्या बाकावरची एखादी मुलगी डोळ्यांत डोळे घालून बघायची, आणि मिस फ्रिटन आठवायची. मग मी फळ्याकडे वळायची आणि तिला हसून घ्यायला वेळ द्यायची. त्याहून जास्त माझ्याच्यानं झालं नाही.

सिम मूळचा एडिंबराचा. नट होण्याआधी तिथं तो वक्तृत्व शिकवायचा, त्यामुळे त्याच्या तोंडी प्रत्येक शब्द पॉलिश केल्यासारखा येतो. पण त्याच्याबद्दलची माझी आवडती गोष्ट वेगळी आहे. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा सिम आणि त्याची बायको नेओमी यांनी पंधरा-सोळा वर्षांच्या एका होतकरू नटाला आपल्या घरी ठेवून घेतलं, वाढवलं, बोलणं सुधारून दिलं. तो मुलगा म्हणजे जॉर्ज कोल, झुडपातला फ्लॅश हॅरी. सिनेमात मिस फ्रिटन आणि हॅरी एकमेकांशी बोलतात तेव्हा त्या बोलण्यात एक घरगुती ऊब आहे. ती कुठून आली असेल, ते आता मला कळतं.

या शाळेचा जन्म मात्र पडद्यावर झालेला नाही, कागदावर झालाय. रोनाल्ड सर्ल नावाचा चित्रकार. केंब्रिजचा, वडील तिथल्याच रेल्वे स्टेशनवर हमाल. पंधराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. युद्ध लागल्यावर सैन्यात गेला आणि स्कॉटलंडमध्ये किर्कूब्री नावाच्या गावी त्याचा मुक्काम पडला. तिथं एका कुटुंबातल्या दोन मुलींशी त्याची ओळख झाली. त्यांची एडिंबरातली शाळा, तिचंही नाव सेंट ट्रिनियन्स असंच, अगदी उदार विचारांची होती. मुलींनी आपापल्या गतीनं शिकावं असं मानणारी. त्या मुलींना गंमत वाटावी म्हणून सर्लनं एक चित्र काढलं आणि १९४१ साली ते ‘लिलिपुट’ मासिकात छापून आलं. लहानसं, निरुपद्रवी चित्र. सूचनाफलकासमोर उभ्या काही मुली.

मग तो पूर्वेला गेला. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि आपले हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या कैदेत गेले, त्यांत सर्लही होता. साडेतीन वर्षं. चांगीचा तुरुंग, आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वे. चारशे पंधरा किलोमीटरचा तो मार्ग जंगल तोडून, डोंगर फोडून, कैद्यांच्या आणि मजुरांच्या हातांनी १९४३ च्या ऑक्टोबरपर्यंत पुरा झाला. बारा हजारांहून जास्त युद्धकैदी त्यावर मेले. त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर मेले. त्यांत मलायातल्या मळ्यांवरून नेलेले तमिळ मजूर होते. त्यांची मोजदादसुद्धा कुणी नीट ठेवली नाही. स्टेशनावरच्या हमालाचा मुलगा असा रूळ टाकायला जाऊन पोचला.

तिथं तो चित्रं काढत राहिला. मिळेल त्या कागदावर, मिळेल त्या शाईनं. पहारेकरी, सांगाडे झालेले मित्र, झोपड्या, मरणारी माणसं. सापडला असता तर जीव गेला असता. म्हणून तो ती चित्रं पटकीनं मरायला टेकलेल्या कैद्यांच्या अंथरुणाखाली लपवायचा, कारण पटकीच्या भीतीनं जपानी त्यांच्याजवळ फिरकत नसत. मरणाऱ्यांनी त्याची चित्रं सांभाळली. ती आता लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

सुटून घरी आल्यावर त्यानं त्या शाळेची चित्रं पुन्हा काढायला घेतली. पण आता मुली बदलल्या होत्या. काळे मोजे घसरलेले, केस विस्कटलेले, काटक्यांसारखे पाय, आणि डोळ्यांत एक थंड, शांत चमक. कुणी कुणाला छळयंत्रावर ताणतेय. कुठं बाई अगदी सौम्यपणे विचारताहेत की काल रात्री इमारतीची पूर्वेकडची बाजू कुणी जाळली, हात वर करा. त्याची रेषा बघावी अशी आहे. टाकाचं निब कागदात रुतत, शिंतोडे उडवत जातं. एखादा मोजा काढताना ती एवढी जाड होते आणि नाकाच्या शेंड्याशी येता येता केसाएवढी बारीक. त्या काळ्या शाईच्या ठिपक्यांत मला कधी मुलींच्या शाळेतली सांडलेली दौत दिसते, आणि कधी त्या जंगलातला चिखल.

छावणीत जे पाहिलं ते यानं लहान मुलींच्या हाती का दिलं, यावर मी खूप विचार केलाय. जगात सगळ्यांत कमी सत्ता कुणाच्या हाती असते, तर बारा वर्षांच्या मुलीच्या. तिला विचारून काहीच होत नाही. तिच्या हातात कुऱ्हाड आली की कुऱ्हाडीतली दहशत निघून जाते, हसू उरतं. पहारेकऱ्याच्या हातातली काठी काढून त्यानं ती वेणीवालीच्या हाती दिली असेल का? मला तसं वाटतं. पण रात्री कधी ती चित्रं चाळताना वाटतं की एवढा हिशेब मांडून कुणी चित्र काढत नाही. हात जे शिकून येतो ते उतरवत जातो. माझा हात तोंडावर जायला शिकला, त्याचा हात तसा शिकला.

आणखी एक दुवा मला बरीच वर्षं ठाऊक नव्हता. सेंट ट्रिनियन्सला संगीत दिलंय माल्कम अर्नोल्डनं. शाळेचं गाणं, फ्लॅश हॅरी झुडपातून निघताना वाजणारी ती लुच्ची धून, सगळं त्याचं. तीन वर्षांनी, १९५७ मध्ये, ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ आला. तीच सयामची रेल्वे, तेच कैदी. त्यालाही संगीत माल्कम अर्नोल्डचंच, आणि त्यासाठी त्याला ऑस्कर मिळालं. एकाच माणसानं सर्लच्या नरकाला सूर दिला आणि त्याच्या शाळेलाही. शाळेचं संगीत ऐकताना आता मी नीट कान देते. वाद्यं जरा बेसूर, पिआनो खणखणता, आणि मध्येच एखादा सूर नको तितका लांबलेला. मला आमची पेटी ऐकू येते.

मला एक तक्रार मात्र मनापासून मांडायचीय. या सिनेमाचे पुढं भाग निघाले. १९५७, १९६०, १९६६, मग १९८० साली एक, आणि २००७ मध्ये नव्यानं, तेव्हा मोठ्या बाई झाला रूपर्ट एव्हरेट. आधीच्या काही भागांत मजा आहे, नाही असं नाही. पण हळूहळू सगळ्यांची नजर धाकट्यांवरून थोरल्यांवर सरकली. आखूड स्कर्ट, लांब पाय, तिरके कटाक्ष. शाळेच्या गणवेशाचं बाजारू चित्र झालं आणि सेंट ट्रिनियन्स म्हटलं की लोकांना तेच आठवायला लागलं. थोरल्या मुली पहिल्या सिनेमातही आहेत, नटलेल्या, मुरडणाऱ्या. पण तिथं त्या धाकट्यांकडून हरतात! गुडघे फुटलेल्या, शाईनं बरबटलेल्या, कुणाला दिसण्यासाठी काहीच न करणाऱ्या मुली घोडा परत आणतात. माझ्या दृष्टीनं सगळा सिनेमा तिथं आहे. बाईच्या आयुष्यात तेवढाच काळ असतो जेव्हा ती फक्त बघत असते, तिच्याकडे कुणी बघत नसतं. तो दोन-तीन वर्षांचाही नसतो. त्या काळाला दिलेला सिनेमा त्याच्याकडून काढून घेतला, याचं मला वाईट वाटतं. सर्ललाही पुढं त्या शाळेचा कंटाळा आला होता. तो १९६१ मध्ये इंग्लंड सोडून पॅरिसला गेला, मग दक्षिण फ्रान्समध्येच राहिला आणि २०११ च्या डिसेंबरात एक्क्याण्णवाव्या वर्षी गेला. लोक त्याला शेवटपर्यंत त्या मुलींबद्दलच विचारायचे.

त्या दुपारी सिनेमा संपला तेव्हा ऊन उतरलं होतं. आमरसाच्या वाटीला मुंग्या लागल्या होत्या. नात उशीवर पालथी पडून म्हणाली, “खरंच नाही ओरडले.” मग जरा थांबून, “तुला ओरडायचे?”

मी तिला पेटीची गोष्ट सांगितली. सूर कसा अडकला, कसा बारीक होत गेला, ते तोंडानं वाजवून दाखवलं. ती इतकी हसली की सोफ्यावरून खाली आली, तिच्याबरोबर मीही हसले. माझा हात वर गेलाच. तिनं तो धरला आणि तिच्या गालावर ठेवला, तिला वाटलं मी तिचे केस मागं सारतेय.

तुमच्या घरी दहा-बारा वर्षांची मुलगी असेल तर एखाद्या सुट्टीच्या दुपारी तिच्याबरोबर हा सिनेमा बघा. दीड तासाचा आहे. युद्धाचं, तुरुंगाचं काही सांगू नका, ते मोठेपणी तिला सापडेल. कृष्णधवल आहे म्हणून कुरकुरली तर खाऊ द्या. आणि ती मध्येच गप्प होऊन ‘ह्यांना ओरडणार कधी’ म्हणाली, तर मी केली ती चूक करू नका. उत्तर देऊ नका, तिचं तिला कळू द्या.